जंत, साखर आणि कंबरेचा घेर

दर शनिवारी मी अमरावतीहून अकोल्याला रुग्ण तपासण्यासाठी जातो. गेल्या ऑगस्टमधील अशाच एका शनिवारी एक परिचित शिक्षक आपल्या अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन आले. मुलीला काही होत नव्हते. आजार होता तो वडिलांच्या मनात. १० ऑगस्टला, राष्ट्रीय जंतनाशक दिनी, त्यांच्याच शाळेत अल्बेंडाझोलची गोळी वाटली गेली होती. वर्गातील मुलांना ती त्यांनी स्वतः, चावून खायला सांगून, दिली. स्वतःच्या मुलीला मात्र दिली नाही.

कारण विचारले तेव्हा त्यांनी मोबाईल पुढे केला. पोटात जंत असलेल्यांना मधुमेह होत नाही, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे. म्हणून मुलांना जंताची गोळी देऊ नका, असा तो संदेश होता.

"डॉक्टर, माझ्या वडिलांना मधुमेह, आईला मधुमेह. मला तीन वर्षांपासून 'काठावर' म्हणून सांगतात. पोरीला तरी यातून वाचवता येत असेल, तर दोन-चार जंत पोटात राहिले म्हणून काय बिघडलं?"

प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. विचारणारा माणूस सुशिक्षित होता, बाप होता आणि घाबरलेला होता. शिवाय तो संदेश सर्वस्वी खोटाही नव्हता. त्याला आधार होता, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. वाचकहो, आज याच प्रश्नाचा नीट उलगडा करू या.

पाहुणा वर्षानुवर्षे राहतो कसा?

जिवाणू किंवा विषाणू शरीरात शिरला की आपली रोगप्रतिकारशक्ती त्याच्यावर तुटून पडते. ताप येतो, सूज येते, पू होतो आणि काही दिवसांत लढाईचा निकाल लागतो. जंताचे तसे नाही. पांढऱ्या पेशीने गिळून टाकावा एवढा तो लहान नसतो. आतड्याला चिकटून राहणारा अंकुशकृमी, म्हणजे ज्याला आम्ही हुकवर्म म्हणतो, काही वर्षे जगू शकतो. हत्तीरोगाचा कृमी लसिकावाहिन्यांत पाच-सहा वर्षे सहज काढतो. एवढा काळ शरीराने जिवाणूंशी लढतात तशी आगपाखड चालू ठेवली, तर जंताआधी माणूसच संपेल.

म्हणून शरीर दुसरी पद्धत स्वीकारते. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढतात, आतड्यातील चिकट स्राव वाढतो, जखमा भरण्याचे काम जोरात चालते. त्याच वेळी 'आता पुरे' असे सांगून दाह आवरणाऱ्या नियामक पेशीही सक्रिय होतात. जंतालाही हेच हवे असते. त्याच्या अंगातून स्रवणारे पदार्थ या आवरणाऱ्या पेशींना आणखी उत्तेजन देतात. परिणामी यजमान जगतो आणि पाहुणाही जगतो. यात जंताचा उपकार कोणताही नाही. त्याने आपली सोय पाहिलेली असते.

मेदातील धुमसती आग

आता याचा मधुमेहाशी संबंध कसा येतो ते पाहू. पोटावरची चरबी म्हणजे नुसती साठवणीची कोठी, अशी आपली समजूत असते. वस्तुतः मेद ही एक जिवंत, बोलकी ऊती आहे. ती प्रमाणाबाहेर भरली की तिच्यातील पेशींवर ताण येतो, तेथे भक्षक पेशी गोळा होतात आणि मंद, न जाणवणारा दाह सुरू होतो. ताप नाही, दुखणे नाही. पण त्या दाहातून निघणारी रसायने स्नायूंना आणि यकृताला इन्सुलिनचे म्हणणे ऐकू देत नाहीत. इन्सुलिन भरपूर असूनही पेशी त्याला दाद देत नाहीत आणि रक्तातील साखर वाढू लागते. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाची वाट पुष्कळदा अशी आहे.

सडपातळ, निरोगी शरीराच्या मेदात मात्र शांतता असते. ती राखण्याचे काम ज्या पेशी करतात, त्यांत इओसिनोफिल महत्त्वाचे असल्याचे २०११ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले. उंदरांना आतड्यातील एका कृमीची लागण केली, तेव्हा त्यांच्या मेदातील इओसिनोफिल वाढले आणि साखरेवरील नियंत्रण सुधारले. जंतामुळे जागी झालेली 'आवरा' म्हणणारी यंत्रणा मेदातील आगही काही अंशी शमवते, असा याचा अर्थ. याच्या जोडीला एक साधे कारणही आहेच. जंत असलेल्या माणसाची भूक मंदावते, अन्न अंगी लागत नाही, वजन वाढत नाही. वजन वाढले नाही, तर साखरही सहसा उशिरा वाढते.

माणसांत काय आढळले?

उंदरांचे निष्कर्ष माणसांना जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण माणसांतही काही पाहण्या झाल्या आहेत आणि त्यांतील एक महत्त्वाची पाहणी आपल्याच देशातील आहे. डॉ. व्ही. मोहन यांच्या चेन्नई येथील संशोधन संस्थेने शहरात मधुमेहाची मोठी पाहणी केली होती. त्यातील रक्तनमुन्यांची हत्तीरोगाच्या कृमीसाठीही तपासणी झाली. २०१० साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : मधुमेह नसलेल्यांपैकी साधारण १० टक्के लोकांत हत्तीरोगाची लागण होती, तर मधुमेह असलेल्यांत हे प्रमाण सुमारे निम्मेच होते. ज्या मधुमेहींत लागण होती, त्यांच्या रक्तात दाह वाढवणारी रसायनेही कमी आढळली.

ही पाहणी आपल्याला जवळची आहे, कारण विदर्भातील अनेक जिल्हे हत्तीरोगाच्या पट्ट्यात मोडतात. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. भा. चि. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगाच्या निदानावर कित्येक वर्षे काम केले आहे. पण चेन्नईच्या पाहणीला एक मर्यादा होती. एकाच वेळी घेतलेल्या नमुन्यावरून आधी काय झाले आणि नंतर काय, हे कळत नाही. डासांच्या वस्तीत राहणारा, अंगमेहनत करणारा गरीब माणूस सडपातळ असतो. त्याला मधुमेह कमी होण्याचे श्रेय जंताला द्यावे की मेहनतीला, हे अशा पाहणीतून ठरत नाही.

त्यासाठी जंत काढून पाहावे लागते. इंडोनेशियातील फ्लोरेस बेटावर तसा प्रयोग झाला आणि २०१७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काही घरांना वर्षभरात ठरावीक अंतराने अल्बेंडाझोल दिले, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी दिली. सर्व गावकऱ्यांचा एकत्र विचार केला, तेव्हा इन्सुलिनला दाद न देण्याच्या प्रवृत्तीत काही फरक दिसला नाही. मात्र ज्यांच्या पोटात खरोखरच जंत होते, त्यांच्यात औषधानंतर ती प्रवृत्ती काहीशी वाढली. त्यांचे वजनही किंचित वाढले होते आणि या बदलाचा एक भाग त्या वजनामुळे होता.

मोबाईलवरील संदेशाचे मूळ बहुधा अशाच कुठल्या तरी बातमीत असावे. पण तिचा अर्थ नीट समजून घ्या. गोळी घेतलेल्यांना मधुमेह झाला, असे त्यात म्हटलेले नाही. जंत गेले, अन्न अंगी लागू लागले आणि मेदावरचा एक लगाम सुटला, एवढेच त्यातून दिसते.

ऑस्ट्रेलियात तर याच्याही पुढचा प्रयोग झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या सुमारे ४० स्वयंसेवकांपैकी काहींच्या त्वचेवर अंकुशकृमीच्या मोजून २० किंवा ४० अळ्या सोडण्यात आल्या. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार जंत मिळालेल्यांत इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला. हे स्वयंसेवक चांगले खाणारे-पिणारे होते, अळ्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या आणि मोजलेल्या होत्या आणि डॉक्टर सतत लक्ष ठेवून होते. तरीही काहींना पोटाचा त्रास झालाच. असल्या संशोधनाचा हेतू माणसांना जंत पाळायला लावणे हा नाही. जंताच्या स्रावातील नेमका कोणता पदार्थ दाह शमवतो, हे ओळखून त्यापासून औषध करता येईल का, हा शोध चालू आहे. सापाच्या विषावरून रक्तदाबाच्या गोळीची कल्पना सुचली, म्हणून कोणी साप चावून घेत नाही.

त्या लगामाची किंमत

आता उरलेल्या अर्ध्या सत्याकडे वळतो. ते सांगताना मला स्वतःची एक चूक सांगावी लागेल.

काही वर्षांपूर्वी मोर्शी तालुक्यातील एका गावातून पंचेचाळीस वर्षांच्या एक बाई अमरावतीच्या दवाखान्यात आल्या. संत्र्याच्या बागांत निंदण-वेचणीला जाणाऱ्या. थकवा फार येतो, एवढीच तक्रार. गावात झालेल्या एका शिबिरातील रक्ततपासणीचा कागद त्यांनी सोबत आणला होता. त्यात तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी ही तपासणी ७.१ टक्के होती. साडेसहाच्या वर मधुमेह, हे आम्हा सर्व डॉक्टरांना पाठ असते. उपाशीपोटीची साखर ९८ होती. ती मी पाहिली आणि सोडून दिली. मेटफॉर्मिन लिहून दिले, भात आणि गूळ बंद करायला सांगितला. हिमोग्लोबिन मी पाहिले नाही.

दोन महिन्यांनी त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून आल्या. पाय सुजलेले, चार पावलांत धाप.

"डाक्टर साहेब, तुमची गोयी घेतली, गूय सोडला, भात सोडला. आता त बागेत उभंबी राहवत नाही मले."

खालची पापणी ओढून पाहिली, तर कागदासारखी पांढरी. हिमोग्लोबिन ६.४ निघाले. शौचाच्या तपासणीत अंकुशकृमीची अंडी भरपूर. मी अल्बेंडाझोल दिले, लोह सुरू केले, मेटफॉर्मिन थांबवले. चार महिन्यांनी हिमोग्लोबिन ११ वर आले आणि एचबीए१सी ५.९ वर. त्या बाईंना मधुमेह नव्हताच.

हे कसे घडले? एचबीए१सी म्हणजे लाल पेशीतील हिमोग्लोबिनवर चढलेला साखरेचा थर. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि जितकी जुनी, तितका थर जाड. लोहाची कमतरता असली की नवीन पेशी कमी तयार होतात, जुन्या पेशींचे प्रमाण वाढते आणि साखर वाढलेली नसतानाही हा आकडा फुगतो. याउलट सिकलसेल आजारात पेशी लवकर मरतात, म्हणून साखर वाढलेली असूनही आकडा कमी दिसू शकतो. विदर्भात रक्तक्षयही आहे आणि सिकलसेलही. त्यामुळे आपल्याकडे हा एकच आकडा पाहून निर्णय घेणे धोक्याचे आहे. हे मी पुस्तकात वाचले होते. त्या दिवशी आठवले नाही. मी त्या बाईंची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "मंग गूय खाऊ का आता?"

त्या बाईंच्या अंगातील जंतांनी त्यांना मधुमेहापासून वाचवले होते, असे कोणी म्हणू शकेल. पण किंमत किती? अंकुशकृमीच्या दोन मुख्य जातींपैकी सौम्य जातीचा एक जंत दिवसाला साधारण ०.०३ मिलिलिटर रक्त वाया घालवतो. दुसऱ्या जातीचा त्याच्या कित्येक पट. सौम्य जातीचेच शंभर जंत धरले, तरी दिवसाला ३ मिलिलिटर आणि महिन्याला ९० मिलिलिटर रक्त जाते. निरोगी माणसाच्या ३ मिलिलिटर रक्तात दीड मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते; आणि आपल्या भाकर-वरणाच्या जेवणातून रोज शरीरात शोषले जाणारे लोहही जेमतेम तेवढेच. म्हणजे दिवसभराची कमाई जंतच घेऊन जातो. मासिक पाळीत जाणाऱ्या रक्ताचा हिशेब वेगळाच.

आईच्या रक्ताचा बाळाशी संबंध

ही किंमत एकटी स्त्रीच भरते असे नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवती स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा दीर्घ अभ्यास केला. भारतीय बाळे जन्मतः हलकी आणि बारीक असतात. पण त्यांचे स्नायू कमी आणि मेद मात्र तुलनेने टिकून राहिलेला असतो, हे त्यांनी दाखवले. दिसायला सडपातळ, आतून मेदयुक्त असे हे शरीर. कमी वजनाच्या अशा बाळांना पुढे भरपूर खाणे आणि बैठी कामे मिळाली की त्यांच्यात मधुमेहाचा धोका अधिक असतो.

आता मेळघाटातील किंवा संत्राबागेतील एखादी गर्भवती डोळ्यांपुढे आणा. तिच्या पोटात जंत, अंगात रक्त कमी. तीव्र रक्तक्षय असलेल्या मातेचे बाळ कमी वजनाचे होण्याची शक्यता वाढते. आईच्या मेदातील दाह जंताने काहीसा शमवला असेलही. पण तोच जंत तिच्या बाळाला अशा वजनाने जगात आणू शकतो, ज्याचा पुढे मधुमेहाशी संबंध आहे. मधुमेह टाळण्यासाठी जंत राखून ठेवू म्हणणाऱ्याने हा पिढीचा हिशेबही मांडून पाहावा.

आवरलेली प्रतिकारशक्ती

दाह शमवणारी यंत्रणा निवडून काम करत नाही. ती मेदातील आग विझवते, तशी क्षयाच्या जंतूविरुद्धची लढाईही मंद करू शकते. इथिओपियातील एका अभ्यासात जंत असलेल्या प्रौढांची क्षयाच्या जंतूविरुद्धची प्रतिक्रिया जंतनाशक औषध घेतल्यानंतर अधिक चांगली झाल्याचे दिसले. आणि मधुमेह असला, तर क्षयाचा धोका मुळातच दोन ते तीन पट वाढलेला असतो. दोन्ही एका शरीरात असणे हे संरक्षण म्हणता येणार नाही.

याहून मोठा धोका एका विशिष्ट कृमीचा आहे. त्याचे नाव स्ट्रॉन्गिलॉइडिस. अनवाणी पायांतून तो शिरतो. पण इतर जंतांप्रमाणे ठरावीक काळाने मरून संपत नाही. माणसाच्या आतच तो पुन्हा पुन्हा पिढ्या वाढवतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश-सयाम रेल्वेवर राबवलेल्या युद्धकैद्यांच्या पोटात तीस-चाळीस वर्षांनंतरही हा कृमी सापडला. एवढा काळ तो गप्प असतो. पण रुग्णाला स्टेरॉइड मिळाले की प्रतिकारशक्तीचे उरलेसुरले बंधन सुटते आणि कृमी आतडे भेदून सर्व अंगात पसरू शकतो. ही अवस्था बहुधा प्राणघातक ठरते.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्या भागात सांधेदुखीवर, दम्यावर 'एकाच दिवसात आराम' देणाऱ्या निनावी पुड्या आणि सुया सर्रास घेतल्या जातात. त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. ते साखर वाढवते, वजन वाढवते आणि झोपलेल्या कृमीलाही जागे करू शकते. ज्यांनी आयुष्यभर शेतात अनवाणी काम केले आहे, त्यांना दीर्घकाळ स्टेरॉइड देण्याची वेळ आली, तर आधी डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. या कृमीवर नेहमीची एक गोळी पुरत नाही. आयव्हरमेक्टिन हे वेगळे औषध वजनानुसार द्यावे लागते आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

मग साखर वाढली कशाने?

गेल्या तीस-चाळीस वर्षांत वऱ्हाडातील घरांत शौचालये आली, पायांत चपला आल्या, शाळेत गोळी आली. जंत कमी होऊ लागले. पण त्याच काळात शेतातून ज्वारी मागे हटली आणि सोयाबीन आले. ताटात भाकरीच्या जागी पोळी आणि रेशनचा तांदूळ आला. पायी जाणारा माणूस फटफटीवर बसला. चहासोबत बिस्किटे, सायंकाळी चौकात कचोरी किंवा गिला वडा हे नित्याचे झाले. दोन्ही बदल एकाच वेळी झाले, म्हणून जंत गेल्याने साखर आली असे भासते. जंत गेल्याने एक छोटा लगाम सुटला असेल. गाडी उताराला लागली ती ताटामुळे आणि खुर्चीमुळे. उपाय करायचा, तो तेथेच.

गाडगेबाबांचा जन्म आपल्याच अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा. हाती खराटा घेऊन ते गावोगाव फिरले. घाणीपासून सुटका व्हावी म्हणून एवढे कष्ट झालेल्या भूमीत, साखरेच्या भीतीने आपण पुन्हा जंत सांभाळू लागलो, तर ती उलटी वाटचाल होईल.

घरी काय करावे?

एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट या सुमारास मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी अवश्य द्यावी. मात्रा ४०० मिलिग्रॅम. एक ते दोन वर्षांच्या बालकाला अर्धी, कुटून पाण्यात. मोठ्या मुलांनी ती चावून खावी. गर्भवतींनी पहिले तीन महिने उलटल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. शेतात, बागेत काम करणाऱ्या प्रौढांना थकवा असेल, तर हिमोग्लोबिन आणि शौचाची तपासणी करून घ्यावी.

हत्तीरोगाच्या मोहिमेत घरी आलेल्या गोळ्या केवळ मधुमेह किंवा रक्तदाब आहे म्हणून नाकारू नयेत. गर्भवती, दोन वर्षांखालील बालके आणि गंभीर आजारी व्यक्तींना मात्र त्या देत नाहीत. ज्यांच्या पायाला आधीच सूज आहे आणि मधुमेहही आहे, त्यांनी रोज पाय साबणाने धुवावा, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, भेगांकडे लक्ष ठेवावे. अशा पायात जंतुसंसर्ग फार वेगाने पसरतो.

साखरेची तपासणी करताना एचबीए१सीसोबत रक्तपेशींची तपासणीही करावी. रक्त कमी असेल किंवा घरात सिकलसेल असेल, तर उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर पाहूनच निदान व्हावे. कागद दाखवताना डॉक्टरांना ही आठवण करून देण्यास संकोच बाळगू नका. माझ्यासारख्यालाही तिची गरज पडली होती.

आणि जंताच्या औषधानंतर मुलाची भूक वाढली, तर त्या भुकेला काय द्यायचे, हे ठरवणे आपल्या हाती आहे. तुरीचे वरण, मोड आलेली मटकी, पालेभाजी, ज्वारीची भाकर, अंडे आणि शेंगदाणे दिले, तर ते शरीर बांधते. तळणाची पाकिटे दिली, तर ते मेद होते.

शेवटी त्या शिक्षकांकडे येतो. त्यांना हे सारे सांगून झाल्यावर मी कंपाउंडरकडून एक सुतळी मागवली. त्यांच्या उंचीएवढी कापली, मधोमध दुमडली आणि कंबरेभोवती लावायला सांगितले. कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, अशी ही सोपी घरगुती परीक्षा आहे. सुतळीची दोन टोके एकमेकांना भेटेनात. चांगले चार बोटे अंतर उरले. मुलगी हसू लागली.

"सर," मी म्हटले, "पोरीला वाचवायचं ना? मग जंत नको, ही सुतळी जवळ ठेवा. ती तुमच्याकडे बघून खाते, तुमच्याकडे बघून चालते."

मुलीने तेथेच गोळी चावून खाल्ली. सुतळी वडिलांनी खिशात ठेवली. परवा ते पुन्हा भेटले. रोज सकाळी बापलेक तासभर चालतात आणि दोन टोकांतील अंतर आता दोन बोटांवर आले आहे.